अस्थिगत शल्य आणि त्याचें रक्षण : एका शोधपरंपरेचा कालनिर्णय

१. प्रस्ताव

इतिहाससंशोधकांच्या त्रैमासिकांत वैद्यकाचा विषय आलेला पाहून कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल. सनदा, महजर, करीने, शकावल्या यांच्या शोधांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांनीं हाडांत बसविलेल्या धातूच्या खिळ्यांचा आणि जंतूंचा विचार कां करावा, असा प्रश्न उद्भवणें स्वाभाविक आहे. त्यास उत्तर एवढेंच कीं, कोणत्याहि शोधाची कुळकथा ठरवितांना जे नियम लागतात ते वतनाच्या तंट्यास लागणाऱ्या नियमांहून निराळे नाहींत. मूळ पुरुष कोण, मधले दुवे कोणते, खोट्या वंशावळी कोणत्या व भोगवटा खरोखर कोणाचा, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच.

विषय थोडक्यांत असा : मोडलेलें हाड सांधण्यासाठीं धातूची पट्टी, स्क्रू वा सळई बसवितात, झिजलेला खुबा किंवा गुडघा काढून त्या जागीं धातूचा सांधा घालतात. यास इम्प्लांट म्हणतात. या परक्या वस्तूवर जंतूंनीं ठाणें दिलें म्हणजे रोग्याचे हाल होतात. वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागतात, क्वचित् पाय गमवावा लागतो, प्रसंगीं प्राणहि जातो. हें टाळण्यासाठीं गेल्या सुमारें पंचवीस वर्षांत एक उपाय पुढें आला आहे. प्राण्यांच्या शरीरांत स्वसंरक्षणासाठीं जे लहान प्रथिनखंड निर्माण होतात, ज्यांस जंतुघ्न पेप्टाइडें म्हणतात, त्यांचा लेप इम्प्लांटवर द्यावयाचा, असा तो उपाय. याविषयीं दोन विधानें वारंवार छापलेलीं आढळतात. एक, ही कल्पना अगदीं नवी आहे. दुसरें, जंतुघ्न पेप्टाइडांचा शोध इ. स. १९८७ सालीं एका बेडकापासून लागला. हीं दोन्ही विधानें पुराव्यास कितपत उतरतात तें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. प्राचीनत्वाचे दावे

प्रथम प्राचीन आधारांचा निकाल लावूं. आपल्याकडे या विषयाची गोष्ट निघाली कीं ऋग्वेदांतील विश्पलेच्या लोखंडी जंघेचा दाखला दिला जातो. पहिल्या मंडलाच्या ११६ व्या सूक्तांत अश्विनौंनीं तिला आयसी जंघा दिली असा उल्लेख आहे, यांत शंका नाहीं. परंतु तो तुटलेल्या पायाच्या जागीं बाहेरून लाविलेल्या अवयवाचा उल्लेख आहे. हाडाच्या आंत बसविलेल्या वस्तूचा नव्हे. शिवाय तो देवतास्तुतीच्या ओघांत आलेला आहे. तेव्हां तो आपल्या प्रकरणांत पुरावा म्हणून घेतां येत नाहीं.

दुसरा दाखला मिसर देशाचा. अमेरिकेंतील सॅन होझे येथील संग्रहालयांत असलेल्या एका ममीच्या गुडघ्यांत सुमारें २३ सेंटिमीटर लांबीची लोखंडी सळई आहे. ती अलीकडे कोणी तरी घातली असावी असा प्रथम समज होता. इ. स. १९९६ सालीं ती तपासली असतां ती प्राचीनच असल्याचें दिसून आलें. पण त्याबरोबर हेंहि ठरलें कीं ती मृत्यूनंतर, पाय धडाशीं जोडून ठेवण्यासाठीं घातलेली आहे. म्हणजे वस्तु खरी, पण तिच्यावरून काढलेलें अनुमान खोटें. अस्सल कागदावरून चुकीचा निष्कर्ष काढण्याचे प्रसंग आपणांसहि नवे नाहींत.

तिसरा दाखला अधिक बळकट आहे. मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशांत इ. स. १९३१ सालीं सांपडलेल्या, इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आसपासच्या एका जबड्यांत शिंपल्याचे दातांच्या आकाराचे तुकडे बसविलेले होते. इ. स. १९७० च्या सुमारास क्ष-किरणांनीं पाहतां त्या तुकड्यांभोंवतीं हाड वाढल्याचें दिसलें. अर्थात् तो मनुष्य जिवंत असतांना ते बसविले होते व त्याच्या शरीरानें ते सोसले होते. जिवंत हाडानें परकी वस्तु आपलीशी केल्याचा हा जुना व साधार पुरावा होय. मात्र ही विद्या पुढें परंपरेनें चालत आली असें दाखविणारा एकहि दुवा नाहीं. म्हणून यास मूळ पुरुष म्हणतां येणार नाहीं.

आतां सुश्रुताकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत २६ वा अध्याय शरीरांत दडलेलें शल्य ओळखण्याविषयीं व २७ वा तें काढण्याविषयीं आहे. सुश्रुताच्या दृष्टीनें शल्य म्हणजे शरीरास पीडा देणारी वस्तु. ती शोधून काढणें हा त्या तंत्राचा हेतु. त्याच २६ व्या अध्यायांत आणखी एक मार्मिक विचार आहे. सोनें, रुपें, तांबें, पितळ, कथील, शिसें यांचीं शल्यें दीर्घकाळ आंत राहिल्यास पित्ताच्या तेजानें विरून जातात. शिंग, दांत, केस, हाड, वेळू, लाकूड, दगड व मृत्तिका यांचीं मात्र नष्ट होत नाहींत, असें तेथें म्हटलें आहे. हें विधान आजच्या ज्ञानास जुळत नाहीं. सोनें शरीरांत विरत नाहीं, आणि हाड व हस्तिदंत यांस शरीर हळूहळू झिजवितें. तरीपण कोणती वस्तु शरीरांत टिकते व कोणती नाहीं, हा प्रश्न वर्गवारी करून विचारल्याचें श्रेय सुश्रुतास दिलेंच पाहिजे.

याहून महत्त्वाचें स्थळ चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत आहे. भग्न झालेला भाग पिकणार नाहीं अशी वैद्यानें खटपट करावी, कारण मांस, शिरा व स्नायु पिकले म्हणजे तो भाग कष्टानेंच साध्य होतो, असा त्याचा आशय. प्रस्तुत लेखाचा सारा विषय या एका वाक्याच्या आशयांत आलेला आहे. ही संहिता पोथीरूपानें किती जुनी मिळते हें आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. नेपाळांतील कैसर ग्रंथालयांत तिची इ. स. ८७८ ची ताडपत्रावरील प्रत आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली, डल्हणाच्या टीकेसह आवृत्ति काढून हा ग्रंथ सर्वत्र सुलभ केला. परंतु हाडांत मुद्दाम वस्तु बसवून ती तेथेंच ठेवावी असा विधि सुश्रुतांत नाहीं. तो साली व वेळूच्या कांबींचे बंध बाहेरून बांधतो. सुश्रुत शल्य काढणारा. आधुनिक शस्त्रवैद्य शल्य घालणारा. या दोहोंतील अंतर ओलांडावयास एक हजाराहून अधिक वर्षें लागलीं.

३. लिस्टर आणि ग्लुक

तें अंतर ओलांडण्यास आरंभ झाला तो ग्लासगो येथें. ता. १२ ऑगस्ट १८६५ रोजीं जोसेफ लिस्टर यानें जेम्स ग्रीनलीस नांवाच्या अकरा वर्षांच्या मुलाच्या पायावर कार्बोलिक आम्लांत भिजविलेली पट्टी ठेविली. गाडीचें चाक जाऊन त्या मुलाच्या पायाचें हाड मोडलें होतें व जखम उघडी होती. त्या काळीं अशा रोग्याचा पाय कापणें हाच रूढ उपाय होता. जखम पिकली नाहीं, सुमारें सहा आठवड्यांत हाड जुळलें. हा वृत्तान्त लिस्टरनें इ. स. १८६७ सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत प्रसिद्ध केला. पुढें ऑक्टोबर १८७७ मध्यें लंडन येथें त्यानें मोडलेली गुडघ्याची वाटी रुप्याच्या तारेनें सांधली. जंतुनाशक व्यवस्था राखून हाडांत बुद्धिपुरःसर धातु ठेवण्याचें हें निर्विवाद उदाहरण होय. रुपें त्यानें तारेच्या मऊपणासाठीं व सोयीसाठीं घेतलें होतें. पण तोच धातु शंभर वर्षांनंतर निराळ्या कारणानें पुन्हां पुढें यावयाचा होता.

आतां या इतिहासांतील सर्वांत करुण प्रकरण येतें. इ. स. १८५३ सालीं मोल्डावियांतील यास येथें जन्मलेला थेमिस्टोक्लिस ग्लुक हा बर्लिन येथें शस्त्रवैद्य होता. इ. स. १८९० सालीं त्यानें क्षयानें खाल्लेला गुडघ्याचा सांधा काढून त्या जागीं हस्तिदंताचा बिजागरीदार सांधा बसविला. तो घट्ट राहावा म्हणून राळ, प्लास्टर व प्युमिस दगडाची भुकटी यांचा लुकण वापरला. प्रथम निकाल चांगले दिसले. परंतु क्षयाचा जंतु ज्या सांध्यांत आधींच मुरलेला, तेथें परकी वस्तु घालणें म्हणजे शत्रूस किल्ला बांधून देणेंच होतें. सांधे पुन्हां वाहूं लागले व काढावे लागले. त्याच वर्षीं बर्लिन येथें आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद् भरली होती. तींत ग्लुकनें आपलें काम मांडूं नये यासाठीं तेथील शस्त्रवैद्यांचा अग्रणी एर्न्स्ट फॉन बर्गमान यानें विरोध केला. बर्गमान त्या वेळीं नेमकें काय बोलला हें निरनिराळ्या लेखकांनीं निरनिराळ्या शब्दांत दिलें आहे. तीं वाक्यें बखरींतील संभाषणांप्रमाणें जपून घ्यावीं.

ग्लुकचा न्याय कसा करावा? बर्गमानचा पक्ष सर्वस्वीं द्वेषाचा होता असें म्हणतां येत नाहीं. संसर्ग असलेल्या सांध्यांत इम्प्लांट घालूं नये हा आजहि शस्त्रवैद्यांचा मुख्य दंडक आहे, व त्या मर्यादेंत बर्गमानची भीति खरी ठरली. पण ग्लुकच्या बाजूनें दोन गोष्टी नमूद केल्याच पाहिजेत. त्याची कल्पना चुकीची नव्हती. तिला लागणारी जागा निर्जंतुक नव्हती. आणि आपलें अपयश त्यानें स्वतः मान्य करून संसर्ग झालेल्या सांध्यांविषयीं इशारा दिला. ज्यानें पराभवाचा कागद फाडून न टाकतां दप्तरांत ठेविला त्याचे उपकार विजयाच्या बातम्या लिहिणाऱ्यापेक्षां इतिहासकारावर अधिक असतात. इ. स. १९४२ सालीं ग्लुक वारला. त्याच्या विचाराचें फळ त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं लोकांस मिळालें.

४. पट्टीपासून खुब्यापर्यंत

मधला काळ झपाट्यानें आटोपतों. हॅम्बुर्ग येथील कार्ल हान्समान यानें इ. स. १८८६ सालीं धातूची पट्टी वापरल्याचें प्रसिद्ध केलें. लंडनचा विल्यम आर्बुथनॉट लेन यानें जखमेस हाताचा स्पर्शच होऊं न देण्याची कडक पद्धति घालून दिली. बेल्जममधील आल्बिन लांबोत यानें या शाखेस नांव व शिस्त दिली. जर्मनींतील कील येथें गेरहार्ड क्युंचर यानें नोव्हेंबर १९३९ मध्यें मांडीच्या हाडाच्या पोकळींत सळई ठोकण्याची रीत काढली; तिची माहिती शत्रुपक्षाच्या वैद्यांस झाली ती बंदिवासांतून परत आलेल्या सैनिकांच्या मांड्यांवरून. स्वीडनमध्यें पेर-इंगवार ब्रोनेमार्क यास इ. स. १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडांत ठेविलेली टायटॅनियमची नळी हाडाशीं एकजीव झालेली आढळली व या धातूचें महत्त्व पुढें आलें.

नोव्हेंबर १९६२ मध्यें इंग्लंडांतील राइटिंग्टन येथें जॉन चार्नली यानें खुब्याचा जो सांधा बसविला त्यापासून आजची पद्धति धरतात. परंतु चार्नलीची थोरवी केवळ सांध्याच्या घडणींत नाहीं. आरंभीं त्याच्या रोग्यांपैकीं शेंकडा सातांच्या आसपास लोकांस संसर्ग होई. त्यानें शस्त्रक्रियेच्या जागेस गाळलेल्या हवेचा कोंडवाडा केला, कपडे बदलले, आणि हा आंकडा शेंकडा एकाच्या खालीं आणला. इ. स. १९८२ सालीं लिडवेल व त्याचे सहकारी यांनीं हजारों शस्त्रक्रियांची तुलना करून स्वच्छ हवेनें खोल संसर्ग निम्म्याहून कमी होतो असें दाखविलें. इकडे हॅम्बुर्ग येथें बुखहोल्त्स यानें इ. स. १९७० सालीं सांध्याच्या सिमेंटांत जेंटामायसिन हें औषध मिसळण्याचा उपाय प्रसिद्ध केला. औषध रक्तावाटे पाठवावयाचें नाहीं, वस्तूबरोबरच ठेवावयाचें, हा विचार येथें प्रथम दृढ झाला. पेप्टाइडांचा लेप हा या विचाराचाच वंशज आहे.

५. जंतूंचें ठाणें

इतकी खबरदारी घेऊनहि खुब्याच्या व गुडघ्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेंत शेंकडा एक ते दोन रोग्यांस संसर्ग होतोच. उघड्या, चिरडलेल्या अस्थिभंगांत हें प्रमाण पुष्कळच अधिक. याचें कारण उलगडणारा पहिला भक्कम पुरावा इ. स. १९५७ चा आहे. लंडन येथें एलेक व कोनेन यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांच्या त्वचेंत स्टॅफिलोकॉकस जंतु टोचून पाहिले. नुसते टोचले असतां पू होण्यास कित्येक लक्ष जंतु लागले. तेच रेशमी टांक्याबरोबर ठेविले असतां कांहीं शेंकडा पुरेसे झाले. एका धाग्यानें जंतूचें बळ दहा हजार पटींनीं वाढविलें!

असें कां व्हावें, याचें उत्तर पुढें विल्यम कॉस्टर्टन यानें दिलें. जंतु सुटे पोहत नाहींत. वस्तूच्या पृष्ठभागास चिकटून, स्वतःभोंवतीं चिकट आवरण निर्माण करून वसाहत करतात. या वसाहतीस बायोफिल्म म्हणतात. गढीच्या आंत शिरलेल्या शिबंदीप्रमाणें ते मग औषधांस व रक्तांतील पांढऱ्या पेशींस दाद देत नाहींत. अँथनी ग्रिस्टिना यानें इ. स. १९८७ सालीं हा सामना पृष्ठभागासाठीं लागलेली शर्यत आहे असें वर्णिलें : शरीराच्या पेशी आधीं पोंचल्या तर वस्तु शरीराची झाली; जंतु आधीं पोंचले तर ती त्यांची झाली. म्हणून रक्षण करावयाचें तें पहिल्या कांहीं तासांत व दिवसांत, आणि नेमकें पृष्ठभागावरच. पुढच्या सर्व खटपटीचा मोर्चा याच ठिकाणीं वळलेला आहे.

६. पेप्टाइडांची वंशावळ

आतां दुसऱ्या घराण्याकडे वळूं. इ. स. १९८७ सालीं अमेरिकेंत बेथेस्डा येथें मायकेल झॅसलॉफ हा संशोधक आफ्रिकेंतील एका जातीच्या बेडकीचीं अंडीं शस्त्रक्रियेनें काढून घेत असे. जखमा शिवून बेडूक पुन्हां जंतूंनीं भरलेल्या पाण्यांत सोडले जात. तरी त्यांच्या जखमा पिकत नसत. ही गोष्ट पुष्कळांच्या डोळ्यांसमोर घडली असेल. विचारली ती यानें. बेडकाच्या कातडींतून त्यानें तेवीस अमिनो आम्लांचीं दोन पेप्टाइडें वेगळीं केलीं आणि हिब्रू भाषेंतील ढाल या अर्थाच्या शब्दावरून त्यांस मॅगेनिन हें नांव दिलें. कथा इतकी सुरेख आहे कीं मूळ पुरुषाची जागा तिला सहज मिळाली.

परंतु कागद निराळें सांगतात. बेडकापुरतें बोलावयाचें तरी, व्हिएन्ना येथें किस व मिख्ल यांनीं पिवळ्या पोटाच्या भेकाच्या कातडींतील जंतुनाशक द्रव्याविषयीं इ. स. १९६२ सालींच लिहिलें होतें. त्यास पुढें बॉम्बिनिन म्हणूं लागले. स्वीडनमध्यें हान्स बोमान व त्याचे सहकारी यांनीं सेक्रोपिया नांवाच्या मोठ्या पतंगाच्या कोशांस जंतु टोचून त्यांतून सेक्रोपिन मिळविलें आणि त्याची रचना इ. स. १९८१ सालीं प्रसिद्ध केली. मनुष्याच्या पांढऱ्या पेशींतील डिफेन्सिन हीं द्रव्यें लॉस एंजेलिस येथील गँत्स, सेल्स्टेड व लेरर यांनीं इ. स. १९८५ सालीं वर्णिलीं. व त्यांच्याहि आधीं हिर्श यानें इ. स. १९५६ सालीं व झेया आणि स्पिट्झनागेल यांनीं इ. स. १९६६ च्या सुमारास अशाच द्रव्यांचा माग काढला होता.

आणखी मागें जावें तर इ. स. १९३९ सालीं रेने द्युबो यानें जमिनींतील एका जंतूपासून ग्रामिसिडिन काढलें. तें पेप्टाइडच आहे; पण रक्तपेशींस तें घातक असल्यामुळें केवळ बाहेरून लावण्यापुरतेंच उपयोगी पडलें. त्याचाच एक भाऊबंद मॉस्को येथें गाउझे व ब्राझ्निकोवा या दांपत्यानें इ. स. १९४२ सालीं शोधला व तो युद्धांतील जखमांवर वापरला गेला. इ. स. १९४७ चें पॉलिमिक्सिनहि याच जातीचें. अलेक्झांडर फ्लेमिंग यानें इ. स. १९२२ सालीं प्रसिद्ध केलेलें अश्रूंतील लायसोझाइम हें मात्र मोठें एन्झाइम असून त्याचें काम करण्याची रीत निराळी. त्यास या वंशावळींत सख्खें न मानतां चुलत घराणें मानणें योग्य.

येणेंप्रमाणें निर्णय असा : जंतूंनीं निर्माण केलेल्या पेप्टाइडांचा शोध इ. स. १९३९ पर्यंत मागें जातो. पतंगाच्या स्वसंरक्षक पेप्टाइडाची रचना इ. स. १९८१ सालींच प्रसिद्ध झाली होती, आणि इ. स. १९८७ च्या बेडकाकडे या विषयाकडे जगाचें लक्ष वेधल्याचा मान. झॅसलॉफचें श्रेय यानें कमी होत नाहीं. तें आपल्या जागीं बसतें एवढेंच. सह्याद्रीनेंहि या वंशावळींत अलीकडे एक नांव घातलें आहे. इ. स. २०१७ सालीं केरळांतील व अमेरिकेंतील संशोधकांनीं आपल्या पश्चिम घाटांतील बेडकापासून मिळालेल्या एका पेप्टाइडास दक्षिणेंतील लवचीक तरवारीवरून, म्हणजे उरुमीवरून, उरुमिन हें नांव दिलें. तें मात्र फ्ल्यूच्या विषाणूंविरुद्ध काम करतें, हाडाच्या जंतूंविरुद्ध नव्हे.

हीं पेप्टाइडें मारतात कशीं? बहुतेकांची लांबी बारा ते पन्नास अमिनो आम्लांची, त्यांवर धन विद्युद्भार, व एक अंग पाण्यास तर दुसरें तेलास अनुकूल. जंतूंच्या आवरणावर ऋण भार असतो, म्हणून तीं तिकडे ओढलीं जातात, आवरणांत शिरतात व त्यास भोकें पाडतात. मनुष्याच्या पेशींचें बाह्य आवरण बहुतांशीं भाररहित व कोलेस्टेरॉलयुक्त असल्यामुळें त्यांस तितकी इजा पोंचत नाहीं. नेहमींचें औषध जंतूच्या एखाद्या कारखान्यावर घाव घालतें. हें तटबंदीच फोडतें. म्हणून त्यास तोंड देण्यास जंतूस सहसा अधिक वेळ लागतो.

७. दोन घराण्यांचा संबंध

अस्थिशस्त्रवैद्यकाचें व पेप्टाइडांचें, हीं दोन घराणीं इसवी सनाच्या एकविसाव्या शतकाच्या आरंभीं एकत्र आलीं. ॲम्स्टरडॅम येथील मंडळींनीं लाळेंतील एका पेप्टाइडावरून घडविलेलें डीएचव्हार-५ हें द्रव्य हाडांत ठेवण्याच्या सिमेंटच्या मण्यांतून कसें बाहेर पडतें याचा वृत्तान्त इ. स. २००३ सालीं दिला, आणि इ. स. २००४ सालीं मनुष्याच्या लॅक्टोफेरिन प्रथिनाच्या पहिल्या अकरा अमिनो आम्लांचें पेप्टाइड कॅल्शियम फॉस्फेटच्या सिमेंटांत घालून सशांच्या हाडांतील संसर्ग रोखण्याचा प्रयोग केला. त्यांत जंतूंची वाढ घटल्याचें दिसलें. इ. स. २०१० सालीं कॅनडांतील व्हँकुव्हर येथें टायटॅनियमवर कॅल्शियम फॉस्फेटचा सूक्ष्म थर बसवून त्यांत टेट-२१३ हें पेप्टाइड मुरविलें. प्रयोगशाळेंत अर्ध्या तासांत जंतूंची संख्या दहा लक्ष पटींनीं घटली. त्याच शहरांतील मंडळींनीं इ. स. २०११ सालीं पृष्ठभागावर ब्रशाच्या केसांसारखे बहुवारिकाचे धागे उगवून त्यांच्या टोंकांस पेप्टाइडें बांधलीं व तीं उंदरांच्या शरीरांत तपासलीं, इ. स. २०१३ सालीं थरावर थर देऊन तीं सावकाश सोडण्याची योजना केली.

येथें दोन पंथ झाले आहेत. एकांचें म्हणणें, पेप्टाइड पृष्ठभागास कायमचें जखडावें. म्हणजे पहारा टिकतो, पण पहारेकरी जागचा हलूं शकत नाहीं. दुसऱ्यांचें म्हणणें, तें हळूहळू सोडावें. म्हणजे आसपासच्या मांसांतील जंतूहि मरतात, पण सांठा लवकर संपतो. शर्यत पहिल्या दिवसांतच ठरते हें ध्यानांत घेतां दुसऱ्या पक्षाचें म्हणणें प्रस्तुत लेखकास अधिक सयुक्तिक वाटतें.

८. विरुद्ध पुरावा

अनुकूल कागद तेवढे छापून प्रतिकूल बाजूस सारणें हें संशोधकाचें काम नव्हे. मॅगेनिनवरून बनविलेलें पेक्सिगनान हें औषध मधुमेह्यांच्या पायांवरील जखमांसाठीं पुढें आणलें असतां अमेरिकेच्या औषधखात्यानें इ. स. १९९९ सालीं त्यास परवानगी नाकारली. रक्तांतील क्षार व प्रथिनें यांमुळें पुष्कळ पेप्टाइडांचें बळ उणावतें. स्टॅफिलोकॉकस जंतु त्यांस तोडणारीं एन्झाइमें सोडतो, व आपल्या आवरणावरील ऋण भार कमी करून त्यांस दूर ठेवतो. जंतु यास कधींच सरावणार नाहींत हें म्हणणें तर इ. स. २०१५ च्या अखेरीस खोटें ठरलें. पॉलिमिक्सिनच्या जातीच्या कॉलिस्टिन औषधास दाद न देणारा व एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा गुणधर्म चीनमध्यें आढळून आला. खर्चहि थोडा नाहीं. दुसरीकडे, लिस्टरच्या तारेंतील रुपें आतां जंतुनाशक लेप म्हणून परत आलें आहे : जर्मनींतील म्युन्स्टर येथें हाडाच्या कर्करोगानंतर बसविलेल्या मोठ्या इम्प्लांटांत साध्या टायटॅनियमवर शेंकडा १७.६ तर रुप्याच्या लेपावर शेंकडा ५.९ संसर्ग झाल्याचें इ. स. २०१० सालीं प्रसिद्ध झालें. पेप्टाइडाच्या लेपास मनुष्यावर असा निकाल अद्याप मिळवावयाचा आहे. त्या लेपाचा सांधा आज रुग्णालयांतून रूढ झालेला नाहीं. आहेत ते बव्हंशीं प्रयोगशाळेंतील व प्राण्यांवरील निकाल. सनद लिहून झाली आहे. भोगवटा व्हावयाचा आहे.

९. उपसंहार

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष असा. हाड पिकूं नये ही चिंता सुश्रुताइतकी जुनी. हाडांत मुद्दाम वस्तु ठेवण्याचें धैर्य लिस्टरच्या नंतरचें. संसर्ग हाच त्या विद्येचा खरा वैरी, हें ग्लुकच्या अपयशानें सिद्ध झालें. वस्तूबरोबरच तिचा रक्षक ठेवावा ही कल्पना इ. स. १९७० ची; आणि तो रक्षक प्राण्यांच्या शरीराकडून उसना घ्यावा ही इ. स. २००० नंतरची. म्हणजे कल्पना अगदीं नवी नव्हे व सर्वस्वीं जुनीहि नव्हे. तिच्यांत प्रत्येक पिढीचा एकेक दुवा आहे, आणि त्यांतील सर्वांत उपयुक्त दुवा एका पराभूत माणसाचा आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपल्या संग्रहांत वैद्यकाचीं बाडें, हाडवैद्यांच्या टिपणांचे कागद, जखमी शिपायांच्या औषधोपचाराच्या खर्चाच्या यादी असतील तर त्या नुसत्या पाककृतींच्या म्हणून बाजूस टाकूं नयेत. कोणती जखम कशानें बरी झाली हें तर पाहावेंच. पण कोणती झाली नाहीं व कां झाली नाहीं, अशी एखादी ओळ सांपडल्यास ती आधीं उतरून घ्यावी. यशाच्या नोंदी करण्यास माणसें पुष्कळ मिळतात. बर्लिनच्या परिषदेंत ज्यास बोलूं दिलें नाहीं त्याचा कागद मात्र कोणी तरी जपून ठेवावा लागतो, आणि तें काम आपलें आहे.